जाळीचं वाण

धोंड्याचा महिना आला की माझं डोकं फिरतं. दर तीनेक वर्षांनी पंचांगात हा जादाचा महिना येतो आणि आमच्या घरातला जो तो माझ्याकडे चोरून बघायला लागतो. "मंजूसमोर तो विषय नका काढू," असं कुणीतरी आतल्या खोलीत म्हणतं आणि मला ते बाहेर ऐकू येतं. काढा की विषय. मी काय चावते? मला वाटलं होतं, वय झालं की राग आपोआप निवतो. चाळिशी उलटली, डोक्यावर पांढरं आलं, वर्गात ओरडून ओरडून घसा कायमचा बसला, पण हा राग आहे तिथंच आहे. अप्पा आता थकलेत, त्यांच्याशी भांडायची सोय उरली नाही. भांडता येत नाही म्हणून लिहायला बसले आहे, हे आधीच सांगून ठेवते. ज्याला आईवडिलांच्या गोड गोड आठवणी वाचायच्या असतील त्यानं दुसरं काहीतरी वाचावं.

आम्ही हैदराबादच्या गौलीगुड्यात राहायचो. पुढच्या रस्त्यावर बसचे हॉर्न आणि कंडक्टरांच्या तेलुगूतल्या हाका, मागच्या गल्लीत भांडेवाल्यांची ठोकठोक, आणि या दोन्हींच्या मधे आमचं अरुंद, लांबलचक घर. शेवटी फरशीचं अंगण, तिथं नळ, तुळस आणि कपडे धुवायचा दगड. आजोबा परभणीकडची शेती भावांवर टाकून इथं आले. अप्पा इथंच वाढले, सरकारी कचेरीत लागले, आणि तिथल्या जुन्या लोकांत उठून बसून त्यांच्या अंगात एक हैदराबादी अदब मुरली. कुणी त्यांच्या पेनाची तारीफ केली की अप्पा ते पेन लगेच पुढं करायचे. "आपकाच है साहब, रख लीजिए." समोरचाही इथलाच असायचा. तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "नक्को साहब, आपके हाथ में जचता." पेन परत अप्पांच्या खिशात. छत्री, घड्याळ, नवीन चपला, सगळं त्यांनी हजारदा लोकांना देऊन टाकलेलं होतं आणि सगळं घरातच होतं. आईला हे अजिबात खपायचं नाही. ती नांदेडजवळच्या खेड्यातली, बोलायला रोखठोक. "जे द्यायचं नाही ते देतो म्हणायचंच कशाला?" ती विचारायची. देवाशीसुद्धा ती तशीच वागायची. नैवेद्याचं ताट देव्हाऱ्यापुढं ठेवताना, "आज पुरण खालून लागलंय, वास येईल, सांभाळून घे," असं देवाला मोठ्यानं सांगायची. आम्ही दोघी बहिणी, मोठी अक्का आणि मी, तोंडाला पदर लावून हसायचो.

अप्पा रिटायर झाले तेव्हा त्यांनी जन्मभराची एक हौस पुरी केली. पाचशे सीसीची, काळी कुळकुळीत, इंजेक्शनची मोटारसायकल घेतली. आईनं बरेच दिवस त्यांच्याशी धड बोलणं टाकलं होतं. गाडी गल्लीत शिरली त्या दिवशी मात्र तिनंच तिला हळदकुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. अप्पांनी ती मोठ्या कौतुकानं कोठीच्या बाजारापर्यंत नेली आणि परत आणली, असं काही आठवडे चाललं. मग त्यांचं मनगट धरायला लागलं. क्लच दाबला की चेहरा वाकडा व्हायचा. डॉक्टर झाले, तेल झालं, पट्टा झाला. शेवटी एका सकाळी मी दिलसुखनगरला कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायला निघाले होते, बससाठी धावतपळत, आणि अप्पांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "मंजे, आजपासून ही तुझी. उभी राहून सडेल, त्यापेक्षा चालव." मी त्यांच्या पाया पडले होते. हे लिहिताना सुद्धा मला स्वतःचाच राग येतो, की किती लगेच वाकले मी.

गाडी दिसायला राणी आणि चालायला हट्टी होती. मलकपेटच्या गर्दीत सावकाश चालवायची म्हटलं की धक्के द्यायची, जणू कुणी आतून खेचतंय. उन्हाळ्यात इंजिन इतकं तापायचं की सिग्नलला थांबलं की पोटऱ्या भाजायच्या. मी वाचायला लागले. इंटरनेटवर या गाड्यांच्या वेड्यांची एक वेगळी जमात असते, त्यांच्यात घुसले. कळलं ते असं, की कारखान्यातून या गाडीला पेट्रोल हात आखडून दिलेलं असतं, आणि जड सायलेन्सर तिचा श्वास अडवतो. मोकळा सायलेन्सर लावला तर हवा वाढते, मग पेट्रोल आणखीच कमी पडतं, म्हणून सोबत एक ट्यूनर बसवायचा. काडेपेटीहून जरा मोठी डबी असते ती. इंजेक्टरला किती पेट्रोल सोडायचं हे सांगणारी जी तार असते, तिच्यामधे बसून ती हुकमात थोडी भर घालते. मी कोठीतल्या एका नावाजलेल्या गॅरेजात गेले. मालकानं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "इंजेक्शन की गाडी को हम हाथ नहीं लगाते मॅडम. और ये डब्बा-विब्बा नक्को करो, जल जाएगी." ठीक आहे म्हटलं. माझ्या पगारातून दोन्ही वस्तू मागवल्या आणि पान्यांचा एक चांगला सेटही घेतला.

सामान आलं तो दिवस माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या दिवसांपैकी एक आहे, आणि हेच मला सहन होत नाही. कारण त्या दिवशी अप्पा माझ्याबरोबर होते. सुट्टी होती, आई अंबाडीची भाजी निवडत ओसरीवर बसली होती, आम्ही दोघं अंगणात. नवीन सायलेन्सर मी फिट करण्याआधी त्यांच्या डोळ्याला लावून दाखवला. आत भोकाभोकांची नळी असते, तिच्याभोवती लोकर गुंडाळलेली. "अरे, ही तर जाळी आहे," अप्पा म्हणाले, आणि उजेडाकडे धरून किती तरी वेळ आत बघत बसले. मी त्यांना सांगितलं की धूर या जाळीतून सरळ निघून जातो आणि आवाजाचा कर्कशपणा लोकर पिऊन टाकते. रस्त्यानं फटाके फोडत जाणाऱ्या टवाळ पोरांसारखा आवाज मला नकोच होता, म्हणून मी मुद्दाम तोंडाशी आवाज दाबणारा तुकडा असलेला घेतला होता. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, सीट उतरवली, बाजूचं झाकण काढलं. जुन्या सायलेन्सरचा क्लॅम्प गंजून बसला होता, त्यावर तेल सोडून, थांबून, पुन्हा पाना लावून तो हलवला. जुनं धूड निघालं तेव्हा मला पेलेना, अप्पांनी खालून दोन्ही हातांनी धरलं. मनगट दुखतंय हे त्या वेळी ते विसरले. नवीन सायलेन्सर बसवला, गॅस्केट नवी टाकली, बोल्ट आधी हातानं आणि मग पान्यानं आवळले. शेवटी इंजेक्टरचा प्लग सोडवून मधे ट्यूनर जोडला, त्याची डबी सीटखाली पट्टीनं बांधली आणि तारा इंजिनच्या गरम भागापासून लांब ठेवून नीट वळवल्या. बटन दाबलं. पहिल्यांदा खोकली, मग लागली. धब, धब, धब, असा एक भरलेला, खालचा आवाज. आई भाजी टाकून उठून आली. शेजारच्या तेलुगू काकू खिडकीतून "बागुंदम्मा", छान आहे गं, म्हणाल्या. आणि अप्पा, आमचे अदबीचे अप्पा, फरशीवर उकिडवे बसून लहान मुलासारखे हसत होते.

पण बसवलं म्हणजे झालं असं नसतं. खरं काम पुढं होतं. ट्यूनरवर छोटी बटनं असतात, हळू चालताना किती, वेगात किती, एकदम मूठ पिळली तर किती, असं पेट्रोल वेगवेगळं वाढवता येतं. मी रोज दिलसुखनगरला जाता-येता ते जुळवत होते. घरी आले की इंजिन निवल्यावर स्पार्क प्लग काढून बघायची. पांढरा निघाला तर पेट्रोल कमी, काजळी धरली तर जास्त, आणि भाकरीवर पडतात तसे तांबूस डाग असले की जमलं. कधी मूठ सोडल्यावर मागून फटफट व्हायचं, कधी पेट्रोलचा वास यायचा. संध्याकाळी अप्पा विचारायचे, "आज काय म्हणते?" आणि मी त्यांना प्लग दाखवायची. एकदा ते मागे बसून माझ्याबरोबर तलावाकाठी टँकबंडपर्यंत आले. उतरल्यावर म्हणाले, "धक्का कुठं गेला गं?" आजकाल माझ्या वर्गातल्या मुली विचारतात, मॅडम, तुम्हाला हे कुणी शिकवलं? मी सांगते, कुणी नाही, आणि गप्प बसते, कारण पुढचं सांगायला लागले तर तास संपेल.

अक्काचं लग्न त्याच्या आदल्या हिवाळ्यात झालं होतं. दाजी नांदेडचे, तिथंच बँकेत. माणूस वाईट नव्हता, हे मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. सरळ होता, आणि घात झाला तो त्याच्या सरळपणामुळेच. उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, दोघं आले होते. दाजींनी गाडीभोवती चक्कर मारली, माझ्याकडून किल्ली मागून घेऊन अफझलगंजच्या बाजूला फेरी मारली आणि परत आले ते चेहरा फुलवून. "अप्पा, गाडी म्हणावी तर ही. असली मी नांदेडात बघितलीच नाही." झालं. अप्पांचा हात आपोआप पुढं झाला. "तुमचीच समजा. घेऊन जा." आता हैदराबादचा कुठलाही माणूस असता तर त्यानं कानाला हात लावला असता, नको नको म्हणाला असता, चहा प्याला असता आणि विषय संपला असता. दाजींनी अप्पांच्या पायाला हात लावला. म्हणाले, "खरंच का अप्पा? मग धोंड्याच्या महिन्यात या म्हणालात ना, तेव्हाच नेतो. वाण म्हणून." अप्पांच्या तोंडाचा चंबू झाला. मी ओसरीवर उभी होते, मला तो स्पष्ट दिसला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जावयाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हो तर. वाण म्हणून."

ते नांदेडला गेले आणि घरात रण पेटलं. मी म्हटलं, "अप्पा, गाडी माझी आहे." ते म्हणाले, "कागद माझ्या नावावर आहेत." हे वाक्य माझ्या बापानं उच्चारलं, ज्याच्या मांडीवर बसून मी पहिल्यांदा स्कूटरचं हँडल धरलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात, आजपासून तुझी. मग तेही तसंच होतं का? पेनासारखं? मी पण नक्को साहब म्हणायला पाहिजे होतं का?" अप्पा वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. आजवर मला त्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही. रात्रंदिवस राबून मी ती गाडी चालती केली, आणि मला अजून माहीत नाही की ती मला खरंच दिली होती की नुसती म्हणायला. आईला मी विचारलं, तर ती वेगळ्याच काळजीत. "धोंड्याचं वाण जाळीदार लागतं," ती म्हणाली. "अनारसे द्यावेत, बत्तासे द्यावेत. भोकं असलेली वस्तू पाहिजे. मोटारसायकल कशी चालेल?" मला एक क्षण वाटलं, सुटले. एवढ्यात वर्तमानपत्राआडून अप्पा बोलले. "सायलेन्सरमध्ये जाळीच आहे. मी स्वतः बघितलीय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दाखवलेली जाळी. मी डोळ्याला लावून समजावून सांगितलेली जाळी. आईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग चालतंय." मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला. ती रडवेली होऊन म्हणाली, "मंजू, यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलंय गं. आता नाही म्हटलं तर सासरी माझं काय राहील?" अक्काला नाही म्हणणं मला जमत नव्हतं. मी म्हटलं, ने बाई. पण मनातून मी कुणालाच माफ केलं नव्हतं.

वाणाचा रविवार आला. ऐन उन्हाळा, सकाळपासूनच अंगण तापलेलं. आईनं आदल्या दिवशी पुरण वाटून ठेवलं होतं. पहाटे उठून तिनं कणकेत पुरण भरून धोंडे उकडायला ठेवले, बाजूला कटाची आमटी, कैरीची चटणी, तळलेल्या सांडगी मिरच्या, भजी, आणि तुपाची बरणी भरून. वेलचीचा वास पार गल्लीत गेला होता. मला अक्काची जुनी रेशमी साडी नेसवली. गाडी मी स्वतः धुतली, पुसली. देताना घाणेरडी देऊ नये, एवढी शिकवण आईचीच. दाजी अक्काबरोबर त्यांच्या धाकट्या काकांनाही घेऊन आले होते. अप्पांनी नवा झब्बा घातला होता आणि ते नको इतके हसत होते. आईनं पाट मांडले, तबकात दिवा, सुपारी, अनारसे ठेवले. गाडीला झेंडूचा हार घातला. ठरलं असं, की आधी दाजींना आणि गाडीला ओवाळायचं, किल्ली द्यायची आणि मग जेवायला बसायचं.

काका हौशी निघाले. ओवाळायच्या आधीच त्यांनी गाडीभोवती फिरून खाली वाकून सगळं पाहिलं. त्यांचा ट्रॅक्टरचा धंदा होता, त्यांना कळत होतं. सीट उचलायला लावली, डबी पाहिली, तारा बोटानं चाचपल्या. "काय सुबक काम आहे," ते म्हणाले. "एक तार लोंबत नाही कुठं. अप्पासाहेब, कुणाकडून करून घेतलंत?" मी दाराशीच उभी होते, हातात पाण्याचा तांब्या. मला एवढंच हवं होतं हो. गाडी गेली तर गेली, पण निदान हे एक वाक्य. अप्पांनी माझ्या साडीकडे पाहिलं. माझ्या हाताच्या नखांकडे पाहिलं, त्यात घासूनही न गेलेलं काळं होतं. लग्नाची दुसरी मुलगी घरात, समोर जावयाचे काका. आणि ते म्हणाले, "कोठीत एक कारीगर आहे आपल्या ओळखीचा. त्यानंच बसवून दिलं."

त्यांना भीती वाटली, हे मला तेव्हाही समजलं होतं. पोरगी गॅरेजचं काम करते, हे नांदेडला गेलं तर माझं लग्न कसं जमेल, ही भीती. समजलं म्हणून राग कमी होतो असं कोण म्हणतं? मी तांब्या खाली ठेवला. साडीचा पदर कमरेला खोचला. जिन्याखालून पान्यांची पेटी काढली, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला कारखान्याचा मूळ सायलेन्सर ओढत अंगणात आणला. फरशीवर त्याचा जो आवाज झाला त्यानं सगळे वळले. मी गाडीचा हार काढून तुळशीवर ठेवला आणि बॅटरीची तार सोडवायला घेतली. अप्पा म्हणाले, "मंजे, काय करतेस?" मी मान वर न करता म्हणाले, "कोठीच्या कारीगराचं सामान आहे ना अप्पा, त्याचं त्याला परत करायला नको का? तुम्ही गाडी दिलीत, गाडी जाईल."

पुढं होऊन मला धरावं असं कुणाला सुचलं नाही. मी ट्यूनर सोडवला, इंजेक्टरचा प्लग जागच्या जागी लावला, तारांच्या पट्ट्या एकेक करून कापल्या. घाम डोळ्यांत जात होता, रेशमी साडीला ग्रीस लागत होतं, आणि मला त्याचं सुख वाटत होतं. नवीन सायलेन्सर उतरवून बाजूला ठेवला. जुना चढवताना त्याचं वजन गुडघ्यावर तोललं, एका हातानं धरून दुसऱ्या हातानं बोल्ट लावले. स्वयंपाकघरात धोंडे निवत होते. काका आधी उभे होते, मग ओसरीच्या कडेला बसले आणि माझे हात बघत राहिले. दाजींचा चेहरा पडत पडत शेवटी लाल झाला. "अप्पा," ते हळूच म्हणाले, "हे तर यांनीच..." अप्पा म्हणाले, "हां, थोडा नाद आहे पोरीला." थोडा नाद. मी शेवटचा बोल्ट आवळला आणि उठले.

आईनं तबक उचललं. दिवा लावला. मग दाजींच्या समोर जाऊन उभी राहिली आणि ओवाळेचना. मला वाटलं, आता माझ्यावर बरसणार, साडीचं काय केलंस म्हणून. तिचा राग माझ्यावर होताच, नाकपुड्या थरथरत होत्या. पण ती अप्पांकडे वळली. "अहो, जावई म्हणजे या महिन्यात नारायण. नारायणासमोर खोटं बोलून दिलेलं वाण मला ओवाळता येत नाही. आधी खरं सांगा, कुणी बसवलं होतं ते." अप्पा म्हणाले, "अगं, आता कशाला..." आई म्हणाली, "दिवा विझेल. सांगा." रस्त्यावरून एक बस हॉर्न देत गेली. अप्पांनी झब्ब्याचं बटण चाचपलं, घसा खाकरला आणि नळाकडे बघत म्हणाले, "मंजूनं. सगळं मंजूनंच केलंय. मी नुसता धरून बसलो होतो."

एवढं एक वाक्य, आणि ते माझ्याकडे बघून नाही, नळाकडे बघून. आईनं मान हलवली आणि ओवाळायला सुरुवात केली. दाजींना, मग गाडीला. अक्का भिंतीला टेकून रडत होती. ओवाळून झालं तशी अंगणातली हवा एकदम सैल पडली, सगळ्यांना वाटलं झालं गेलं मिटलं. काका हसून म्हणाले, "वा, मग कारीगर घरातच आहे की." दाजी बिचारे मनापासून खूश झाले होते. ते पुढं झाले, माझ्यासमोर चक्क हात जोडले आणि म्हणाले, "मंजूताई, मला खरंच माहीत नव्हतं. आता कळलंय तर तेच परत बसवून द्या ना. तुमच्या हातचं आहे म्हणून मी नांदेडात सगळ्यांना सांगेन." अप्पांचा चेहरा उजळला. किती तरी दिवसांनी त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. "हो, बसव बाळ," ते म्हणाले. "जेवण होऊ दे, मग आरामात बसव. मी आहे मदतीला."

मी गाडीची किल्ली साडीच्या ओच्यातून काढली आणि दाजींच्या हातात ठेवली.

"नाही," मी म्हणाले, आणि पाने पुसायला बसले.